अंकिताचे पाय

पलूसजवळच्या मळ्यातल्या घरात दोघीच बायका राहत. शालूबाई आणि त्यांची सून अंकिता. मुलगा राजवर्धन फौजेत, नेमणूक आसामात. अंकिता सहा महिन्यांची पोटुशी होती.

पोरगी कामाला वाघीण, पण दिवस मावळला की तिचं काहीतरी बिनसायचं. टीव्हीपुढं बसली की पाच मिनिटांत उठायची आणि अंगणात फेऱ्या मारत सुटायची. शालूबाईंनी विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई आत्या, पाय मोकळं करतीया."

रात्री कडी वाजायची. शालूबाईंची झोप सावध. खिडकीतनं बघितलं, तर मोबाईलचा उजेड गोठ्याकडं सरकत चाललेला. इतक्या रातीला ही कुणाशी बोलत असंल? एकदा शंका शिरली आणि मग सगळंच खटकायला लागलं. दुपारी अंकिताला डुलक्या यायच्या, तर शालूबाई मनात म्हणायच्या, रातभर जागल्यावर दुसरं काय हुणार!

रविवारी राजवर्धनचा फोन आला आणि शालूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "तुजी बायकू रातीची भाएर असती. कुणासंगं बोलती, द्येव जाणं."

नुसतं "बरं" म्हणून त्यानं फोन ठेवला.

पुढं तीन दिवस त्यानं अंकिताला फोनच केला नाही. तिनं केला तर उचलला नाही. ती सैरभैर झाली. शालूबाईंना वाटलं, मनात खोट हाय म्हणूनच घाबरलीय.

चौथ्या रात्री कडी वाजली, तशा त्या अनवाणीच मागोमाग गेल्या. गोठ्यापलीकडं हौदाच्या कठड्यावर मोबाईलचा टॉर्च चालू होता. अंकिता तांब्यानं पायांवर गार पाणी ओतत होती, मुठींनी पोटऱ्या बुकलत होती आणि हुंदके देत होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"अगं, काय करतीयास ह्ये?"

अंकिता केवढ्यानं तरी दचकली. "आत्या, आडवं झालं की पायात आतनं वळवळतंय. किडं फिरल्यागत. दुखत न्हाई, पर हालवल्याबिगार ऱ्हावत न्हाई. चाललं की थांबतंय, निजलं की पुन्ना सुरू."

"मग बोलली का न्हाईस?"

"आईला सांगितलं, तर म्हणाली, सासरी असली नाटकं करू नगंस."

दुसऱ्या दिवशी शालूबाई तिला सांगलीला बाई डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, रक्त तपासायला दिलं. "हिमोग्लोबिन ठीक आहे, पण शरीरातला लोहाचा साठा संपत आलाय," रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या. "याला रेस्टलेस लेग्ज, म्हणजे अस्वस्थ पाय, म्हणतात. नाटक नाही, खरा आजार आहे. गरोदरपणात बऱ्याच जणींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो." त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीवर लगेच चहा घ्यायचा नाही, निजण्याआधी पोटऱ्या ताणायच्या, चोळायच्या. "उतार पडायला काही आठवडे लागतील. धीर धरा."

घरी आल्यावर शालूबाईंनी अंकितासमोरच मुलाला फोन लावला. "राजा, माजं चुकलं. पोरगी आजारी हाय, आन मी भलतंच बोलले."

अंकिताच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "म्हंजी म्हणून त्ये बोलत न्हवतं व्हय?" तिनं फोन हिसकून घेतला आणि आत जाऊन दार लावलं. बाहेर शालूबाई ओशाळून उभ्या. आत माझ्याविषयी काय सांगत असंल, हा विचार तेवढ्यातही त्यांच्या मनात आलाच, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

आठवडाभर सून कामापुरतंच बोलली. शालूबाई रोज तेलाची वाटी कोमट करून न्यायच्या आणि ती "मी लावते" म्हणून वाटी ठेवून घ्यायची. नवव्या दिवशी मात्र तिनं मुकाट्यानं पाय पुढं केले. शालूबाई पोटरी चोळायला लागल्या.

"आत्या," थोड्या वेळानं ती म्हणाली, "पुन्ना कवा काय वाटलं, तर आदी मला इचारायचं. त्यास्नी न्हाई."

"इचारीन," शालूबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा पाय मांडीवर घेतला.