काठीवरची घार

परशुरामाने केळीच्या पानावर पिंड नीट ठेवला, पाण्याची धार सोडली आणि भटजींनी खूण करताच तो मागे सरला. धाकटा रविराजही सरला, पण भावापासून हातभर लांब राहून. पानाशेजारी बापाच्या आवडीचा चहाचा पेला होता, विड्यांचं बंडल होतं.

कावळे होते, भरपूर होते. सुरूच्या झाडांवर, वाळूत ओढलेल्या होड्यांवर, वर आभाळात. पानाकडे मात्र एकही येईना.

त्यांची आई हिरा मागे माडाच्या सावलीत बसली होती. नवऱ्याच्या दहाव्याला बायका किनाऱ्यावर येत नाहीत. पण ती आली आणि तिला परत पाठवायची कोणाची छाती झाली नाही. कावळे का येत नाहीत हे तिला बसल्या जागेवरून दिसत होतं. तिच्या नवऱ्याच्या, रामचंद्राच्या होडीच्या निशाणकाठीवर पांढऱ्या डोक्याची तांबडी घार बसली होती आणि झाडून सारे कावळे तिच्यावर ओरडण्यात गुंतले होते. भांडण मिळालं की कावळ्यांना जेवण सुचत नाही, माणसांसारखंच.

ही घार मागच्या पावसाळ्याआधी जाळ्यात अडकून पंख दुखावून घेऊन आली होती. रामचंद्राने तिला कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवलं, तारलीचे मासे भरवले आणि पंखात जोर आल्यावर होडीवरून स्वतःच्या हाताने सोडलं. सोडलं म्हणजे काय, दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठीवर हजर. मग रोजचंच झालं. त्याने तारली वर उडवायची, तिने हवेतच झेलायची. त्या घरातलं तेवढंच देणं-घेणं सुरळीत होतं. धाकट्याने बापाची होडी सोडून देवबागला पर्यटक फिरवायला घेतले, तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नव्हते. एका घरात दोन चुली झाल्या होत्या. रामचंद्र दोन्हीकडचं थोडं थोडं खाई आणि अर्धपोटी उठे. त्याला ते फार लागलं होतं, हिराला त्याहून जास्त.

“काय तरी इच्छा रवली आसतली,” भटजी म्हणाले. “बोला तेंका.”

परशुरामाने हात जोडले.

“बाबा, आयेक मी बघतलंय.”

कावळे ओरडत राहिले.

“होडी इकूची नाय, बाबा.”

काहीच नाही. हिराने तोंड उघडलं. घारीला हुसकवा, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण तिने दोन्ही मुलांकडे पाहिलं आणि पदर तोंडावर धरला. कावळ्यांना अडवायला घार आयती बसली होती. घाई कशाला करायची?

ऊन चढलं. भटजींना दुसऱ्या वाडीत जायचं होतं. ते दर्भाचा कावळा करायची भाषा करू लागले. तेव्हा रविराज पानाकडे न बघता भावाकडे बघून बोलला.

“दादा, तेंका काय खुपता, तुका ठावक आसा. माकाय ठावक आसा.”

परशुराम पानाकडे वळला आणि त्याने पुन्हा हात जोडले.

“बाबा,” तो म्हणाला, “उद्यापासून एकाच चुलीर रांदप. रवी माज्या बाजूक बसान जेवतलो.”

हिराला हवं होतं ते झालं. ती उठली. सुतकात मासळीला हात लावलेला कोणी पाहील याची पर्वा न करता तिने मासळी घेऊन वाटेने चाललेल्या शेजारणीच्या, लक्ष्मीच्या पाटीतली एक तारली उचलली आणि होडीपाशी जाऊन वर उडवली. घार झेपावेल, कावळे मोकळे होतील, सगळं रीतसर पार पडेल असा तिचा हिशेब होता.

तारली वाळूत पडली. घारीने ती पाहिली आणि मान पुन्हा माडांमधल्या वाटेकडे वळवली. रोज सकाळी रामचंद्र त्या वाटेने यायचा.

हिराने तारली उचलून पुन्हा उडवली. पुन्हा तेच.

गेले दहा दिवस ती रडली नव्हती. आल्यागेल्याला चहा दिला होता, सुनांना धीर दिला होता. वाडीत त्याची कुजबूजही झाली होती. आता ती होडीच्या कडेला टेकली.

“वाट बघू नको गो,” ती घारीला म्हणाली. “ते येवचे नाय.”

हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती. मग ती वाळूत बसली आणि तिला रडू आवरेना.

दोन्ही मुलगे धावत आले. त्यांच्या गडबडीने घार उडाली. काही कावळे तिच्या मागे गेले, बाकीचे राहिले. परशुराम आईच्या एका बाजूला बसला, रविराज दुसऱ्या. रविराजाने तिचा वाळूने भरलेला हात पुसायला घेतला.

“शिवलो,” मागून भटजींनी हाक दिली. “कावळो शिवलो.”

तिघांपैकी कोणी वळून पाहिलं नाही.