लिंबाच्या पाण्याने धुतलेलं नाव

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यामागून एका माळ्यावर चढा. शिडी डुगडुगते, जपून. वर दालचिनीच्या सालींचा वास कोंडलाय आणि तुळईला वेताची एक टोपली टांगलेली आहे. तिच्यात अख्ख्या कुळाचं दप्तर आहे: जुन्या सुलतानांची मोहोर असलेली पत्रं, म्हशीच्या शिंगांवर कोरलेली वंशावळ, आणि कापडात गुंडाळलेलं हातभर लांबीचं बांबूचं एक पेर. त्याच्यावर सुरीच्या टोकाने बारीक अक्षरं कोरली आहेत. ती अक्षरं गावात कुणालाच वाचता येत नाहीत.

ही टोपली मनात आलं म्हणून कुणी खाली काढत नाही. चार-पाच वर्षांतून एकदा, भात घरात आला की म्हैस कापतात, गावजेवण रांधतात आणि मगच ती उतरवतात. कागदांना धूप दाखवायचा. शिंगं आणि बांबू मात्र घरच्या लेकीने लिंबाच्या पाण्याने धुवायचे. सुमात्रातल्या केरिंचीच्या डोंगरात घर लेकीकडे जातं, आणि टोपलीही.

गेल्या खेपेला ती लेक होती नुर्लैला. धुताना ती शेजारी बसलेल्या आपल्या पोरीला म्हणाली होती, "पुढच्या वेळी कुणीतरी वाचणारं आणू हं, मिदा. यात काय लिहिलंय ते ऐकल्याशिवाय मी काही मरायची नाही."

पण ती गेली. मागच्या वर्षी, तापाने, शेतात भात हिरवा असताना.

म्हणून या खेपेला चटईवर दहा वर्षांची रोस्मिदा बसली होती, डोक्याला आईची निळी ओढणी बांधून. ती सकाळपासून काही खायला तयार नव्हती. आईला जे ऐकायचं होतं, ते आज तिला ऐकायचं होतं. त्यासाठी शहरातल्या दप्तरखान्यातून इर्मालियाबाई आल्या होत्या.

"वाटी झेपेल ना गं?" यार्नीमावशी म्हणाली. "मागच्या वेळी निम्मं पाणी माझ्या लुंगीवर ओतलं होतंस."

"तेव्हा ती पाच वर्षांची होती," देपातीमामा म्हणाले. कुळाचे प्रमुख तेच. "तू पन्नाशीची झालीस तरी सांडतेस."

लोक हसले. इर्मालियाबाई मामांकडे वळल्या. "धुण्याआधी एकदा वाचू का?"

रीत तशी नव्हती. मामांनी क्षणभर विचार केला. "वाचा. आमच्या मूळपुरुषाचा हुकूम आहे तो. कानावर पडू दे पोरांच्या."

बाईंनी पेर खिडकीच्या उजेडात धरलं आणि हळूहळू फिरवत वाचायला लागल्या.

"मी अभागी. आईला मातीत ठेवलं तेव्हा शेतात भात हिरवा होता. भात पिकला, कापला, मळला, खाल्ला. ती आली नाही. बाप दुसऱ्या गावी गेला. लोक मला 'ए पोरा' म्हणतात, 'त्या बाईचं पोर' म्हणतात. नावाने हाक मारणारी एकच होती. हे जो कुणी वाचेल, त्याने एकदा मला नावाने हाक मारावी. माझं नाव..."

बाईंचं बोट थांबलं.

"पुढे?" रोस्मिदाने विचारलं.

"पुढे गुळगुळीत आहे, बाळा."

"हुकूम नाही?" मागून कुणीतरी म्हणालं. मामांनी हाताने त्याला गप्प केलं.

"अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यात काजळी भरतात," बाई म्हणाल्या. "लिंबाने ती निघते. शेवटची अक्षरं उथळ असतील, घासल्यावर तीही गेली. ही झीज बाकीच्यापेक्षा नवी दिसते."

"मागच्या खेपेला धुतलं कुणी?" पुन्हा मागचाच आवाज.

"नुर्लैलाने, आणखी कुणी?" यार्नीमावशी म्हणाली. "तिला स्वच्छतेचा भारी सोस. कढईची पाठसुद्धा चकचकीत हवी असायची."

कुणीतरी हसलं. रोस्मिदा हसली नाही. तिला ती दुपार आठवली. हीच चटई. आईने पेर धुतलं, कोरडं केलं, गुंडाळायला कापडही घेतलं. तेवढ्यात आपण बोट दाखवलं होतं: आई, इथे अजून काळं आहे. आणि आई म्हणाली होती, "डोळे बघा माझ्या मिदाचे!" मग तिने पिळलेल्या लिंबाचं साल घेऊन ती जागा पांढरी होईपर्यंत घासली होती.

"आईने ते पुसून ठेवलं होतं," रोस्मिदा म्हणाली. आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "काळं मी दाखवलं."

यार्नीमावशीने मान खाली घातली.

"मामा, नाव काय होतं? तुम्हाला माहीत असेल. तुम्ही किती वेळा बघितलंय."

मामांनी पेर हातात घेतलं, त्या जागेवरून अंगठा फिरवला. "बघितलं गं. माझ्या आईनेही बघितलं, तिच्या आईनेही. वाचलं कुणीच नाही. आम्ही फक्त धूत राहिलो."

इर्मालियाबाईंनी तिरप्या उजेडात भिंग लावून पुष्कळ वेळ पाहिलं. एक उभी रेघ तेवढी उरली होती. एका रेघेवरून नाव कसं कळणार?

खाली अंगणात, भात शिजवलेल्या बांबूच्या नळ्या फोडल्याचे आवाज येत होते. पेर धुऊन झाल्याशिवाय पहिलं पान वाढता येत नव्हतं.

"नुर्लैलाच्या पोरी," मावशी हळूच म्हणाली आणि लिंबाच्या पाण्याची वाटी तिच्यापुढे सरकवली. "घे. लोक खोळंबलेत."

रोस्मिदाने वाटी उचलली. ती जिना उतरून खाली गेली आणि सारं पाणी दालचिनीच्या झाडाच्या बुंध्याशी ओतून आली. कुणी तिला अडवलं नाही.

तिने हात कोरडे केले. डोक्याची निळी ओढणी सोडली, मांडीवर पसरली, पेर तिच्यावर ठेवलं. गाठ मारण्याआधी तिने त्या गुळगुळीत जागेजवळ तोंड नेलं. नाव तर माहीत नव्हतं. मग आई गेल्यापासून ज्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती, तेच तिने त्याला दिलं. "मिदा," तिने हाक मारली. थोडं थांबून पुन्हा एकदा, "मिदा."