आणखी चार देश

मेहुण्याचा लेख निनावी परीक्षणासाठी नेमका प्राध्यापकांकडेच आला. नाव झाकलेलं होतं, पण कुठल्या सरकारने पेन्शन कशी कापली याची आठ देशांत तुलना करणारा दुसरा कोण असणार? प्राध्यापकांच्या पोटात दुखलं. त्यांचं स्वतःचं पुस्तक सहा वर्षं पहिल्याच प्रकरणात रुतलेलं! त्यांनी ठासून लिहिलं, ‘आणखी चार देश घ्या, नाहीतर निष्कर्षाला अर्थ नाही.’ आता बेटा दोन वर्षं डोकं वर काढत नाही!

मेहुण्याने खरंच चार देश घेतले आणि लेखाला पारितोषिक मिळालं. मंचावरून तो म्हणाला, “हे सगळं त्या अनोळखी परीक्षकामुळे झालं.”

शेजारी बसलेल्या बायकोने डोळे पुसले आणि ती प्राध्यापकांच्या कानाशी लागली, “बघा, एकेक माणसं कशी असतात! नाहीतर तुम्ही.”