घोंगडीवरचे पांढरे गोळे

दर महिन्याच्या तिथीला दुपारी तीन वाजता आमच्या हॉलचे पडदे ओढले जात, दिवे मालवले जात आणि माणसं पार जिन्यापर्यंत बसत. चपलांच्या ढिगामुळे शेजारच्यांना स्वतःच्या दारापर्यंत पोचायला कसरत करावी लागे. पण तेही कसरत करून आमच्याच घरात येऊन बसत. हडपसरातली ही इमारत उभी राहिली त्या जागी पूर्वी आमचा कांदा निघायचा. एवढी माणसं तिथे कांदा काढायलाही कधी जमली नव्हती.

टीव्हीजवळच्या खुर्चीत वैजनाथ महाराज बसलेले असत. हातात तळहाताएवढा चंदेरी कॅमेरा, त्याची वायर टीव्हीला जोडलेली. समोर माझ्या गेलेल्या वडिलांची, आप्पांची खाट. खाटेपाशी धुपाटणं.

"मोबाईल बंद करा," महाराज सांगत. "मोबाईलच्या लहरींमध्ये आत्म्याची फ्रिक्वेन्सी अडकते. हे विज्ञान आहे, अंधश्रद्धा नाही. मथुराबाई, हाक मारा."

हाक मारायची म्हणजे आईने आप्पांची काळी घोंगडी उचलायची, तीनदा झटकायची आणि खाटेवर पसरायची. आप्पा पहाटे उठून घोंगडी झटकायचे, तसंच. मग फ्लॅश चमकायचा आणि टीव्हीवर फोटो यायचा. घोंगडीच्या वर, काळोखात, पांढरे गोल गोळे तरंगत असायचे. काही लिंबाएवढे, एखादा ताटलीएवढा.

"मोठा गोळा नीट बघा. फेट्याचा आकार आहे की नाही?"

"हाय की. नाक पण आप्पासाहेबांचंच."

गोळ्याला नाक नव्हतं. पण ते म्हणणारे आप्पांचे चुलतभाऊ होते, आणि रडत होते. रडणाऱ्या माणसाला नाक कुठे आहे असं विचारता येत नाही.

महाराजांकडे प्रत्येक गोळ्याचा अर्थ तयार होता. पांढरा म्हणजे शांत, निळसर म्हणजे इच्छा राहिलेली, जास्त गोळे म्हणजे सोबतीला पूर्वज. एकदा एकही गोळा आला नाही. तेव्हा म्हणाले, "आज रुसलेत. पुन्हा झटका."

आईचा विश्वास बसण्याचं कारण त्याआधीचं होतं. दहाव्याला आप्पांच्या पिंडाला दीड तास कावळा शिवला नाही. माझा धाकटा भाऊ दिग्विजय हात जोडून म्हणाला, "आप्पा, उरलेलं वावर विकणार न्हाई." वावर उरलेलंच नव्हतं. आई मागे उभी होती. "काय राहिलं ह्यांचं," एवढंच ती म्हणाली, आणि घरी आल्यावरही तेच म्हणत राहिली. शेवटी दर्भाचा कावळा करून गुरुजींनी वेळ भागवली, पण तिचं समाधान झालं नाही. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी महाराजांना घेऊन आलं आणि पहिल्याच फोटोनंतर त्यांनी निकाल दिला.

"जीव या घरात अडकलाय. वर्षश्राद्धापर्यंत मथुराबाईंनी उंबरा ओलांडायचा नाही. त्या बाहेर पडल्या तर तो मागोमाग येईल आणि त्याला परत वाट सापडणार नाही. वर्ष भरलं की मुक्तीचा विधी करू. त्याच्या खर्चाचं तेव्हा बघू."

त्याच आठवड्यात अंघोळ करताना आईच्या छातीला गाठ लागली. आमच्या डॉक्टरबाई घरी येऊन तपासून गेल्या. दारात चपला घालताना मला हळू आवाजात म्हणाल्या, "पंधरा दिवसांच्या आत हॉस्पिटलमध्ये न्या. तुकडा काढून तपासायला हवा. यात थांबायचं नसतं."

आई म्हणाली, "वर्षश्राद्ध झालं की जाऊ."

वर्षश्राद्धाला नऊ महिने होते.

मी खराडीच्या ऑफिसातून घरून काम करायची परवानगी घेतली आणि आईकडे राहायला आले. तिला समजावलं, दिग्विजयला समजावलं, दोघांशी भांडले. दिग्विजय म्हणायचा, "तायडे, तू पुस्तकं वाचतेस, आम्हाला डोळ्यांनी दिसतंय." आई दारापर्यंत जायची, कचऱ्याची बादली पायाने बाहेर सरकवायची आणि मागे फिरायची. घरात धुपाचा वास भिंतींना धरला होता. पडदे दिवसाही ओढलेले, कारण उजेडाने आप्पांना त्रास होतो, असं महाराज सांगून गेले होते. महिन्याची तिथी एकदा झाली, दोनदा झाली. मी लॅपटॉपसमोर बसून आईच्या पदराकडे पाहत राहायचे आणि मनात आठवडे मोजायचे.

रविवारी सकाळचे दोन तास तेवढे माझे होते. आप्पा होते तेव्हाच मी नारायण पेठेत उल्काताईंच्या फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं होतं. साठी ओलांडलेल्या बाई, आवाज कोरडा. वर्गाच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात पाटी होती: 'फोटो वाईट येण्यास कॅमेरा जबाबदार नाही.'

त्या आठवड्याचा गृहपाठ होता, अंधाऱ्या खोलीतली एक वस्तू. घरात अंधार भरपूर होता. गुरुवारी आईने घोंगडी झटकून अंथरली आणि ती पोळ्या करायला आत गेली, तेव्हा मी मैत्रिणीकडून घेतलेल्या छोट्या कॅमेऱ्यावर खाटेचा फोटो काढला. तो पाहिला आणि जवळ धरून पुन्हा पाहिला.

खाटेच्या उजव्या टोकाला, आप्पा टेकून बसले की त्यांचा खांदा यायचा तिथे, एक गोळा होता.

महाराज नव्हते, त्यांचा कॅमेरा नव्हता, गर्दी नव्हती. आयुष्यभर मी जे काही वाचलं होतं ते सगळं बाजूला उभं राहिलं. मी "आप्पा" म्हणाले. हळू, पण म्हणाले. पुढचे दोन दिवस कुणाला न सांगता मी तो फोटो मोठा करून करून पाहत होते. आईला सांगितलं असतं तर तिच्या दाराला मीच बाहेरून कडी घातली असती. आणि माझ्याच्याने तो पुसवतही नव्हता.

रविवारी उल्काताईंनी तो पडद्यावर लावला.

"अस्मिता, हे काय आहे?"

"तेच मला विचारायचंय."

"दर बॅचमध्ये मला एक जण भूत आणून दाखवतो. या वेळी तुमचा नंबर. कॅमेरा ऑटोवर होता?"

"हो."

"म्हणजे फ्लॅश उडवायचा निर्णय कॅमेऱ्याने घेतला, तुम्ही नाही. ही पहिली चूक. फ्लॅश लेन्सला खेटून आहे, ही कंपनीची काटकसर. आणि फोटोच्या आधी काय झाडलंत?"

मागे कुणीतरी हसलं. मी म्हणाले, "ती माझ्या वडिलांची घोंगडी आहे. ते जानेवारीत गेले."

हसणं थांबलं. उल्काताईंनी सॉरी म्हटलं नाही. कपाटातून त्यांनी एक जुना छोटा कॅमेरा काढला, खिडक्या लावल्या, दिवा बंद केला आणि फळ्याचं डस्टर दोनदा टेबलावर आपटलं. फ्लॅश चमकला. पडद्यावर गोळेच गोळे. काही मोठे, काही निळसर.

"नारायण पेठेत राहायला जागा नाही आणि एवढे आत्मे," त्या म्हणाल्या. मग माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि आवाज उतरवून सांगू लागल्या. "लेन्सच्या चार बोटं पुढे धुळीचा कण असतो. आपल्याला दिसतही नाही. फ्लॅश अगदी बाजूलाच, त्याचा सगळा उजेड त्या कणावर पडतो आणि सरळ लेन्समध्ये परततो. पण लेन्सने नेम धरलेला असतो लांबच्या खाटेवर. जवळचा कण अस्पष्ट होतो, पसरतो, आणि लेन्सचं भोक गोल म्हणून तोही गोल होतो. जितका जवळ तितका मोठा. धूर, राख, पावसाचा थेंब, सगळ्याचं हेच."

"मग बरोबर फोटो कसा काढायचा?"

"पडदा उघडा. फ्लॅश बंद करा. कॅमेरा स्टुलावर टेकवा, म्हणजे हात हलणार नाही, आणि शटर जरा जास्त वेळ उघडं राहू द्या. लेन्स पुसा. आणि धूळ खाली बसेपर्यंत थांबा. नवशिक्यांना थांबवत नाही."

मी त्यांना आईचं सगळं सांगितलं. महाराज, उंबरा, गाठ.

"तिला समजावू नका," उल्काताई म्हणाल्या. "तीस वर्षं शिकवतेय, चूक समजावून कुणालाही कळलेली नाही. कॅमेरा तिच्या हातात द्या."

सोमवारी आई स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ चाळत होती. मी चाळणी तिच्या हातातून घेतली आणि कॅमेरा दिला.

"माझा फोटो काढ."

"मला कुठं येतंय ते."

"हे बटण दाब."

पहिल्या फोटोत तिचं बोट आलं. दुसऱ्यात माझं डोकं कापलं गेलं. "असू दे, धड तर आलंय," ती म्हणाली, आणि आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. मी खिडकी लावली आणि चाळणी हलवली. तिने तिसऱ्यांदा बटण दाबलं.

आईने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. फोटोत माझ्याभोवती पांढरे गोळे होते.

"हे कोण म्हणायचं?"

"पीठ आहे, आई."

ती कॅमेरा घेऊन हॉलमध्ये गेली. मी दारात उभी राहिले. तिने घोंगडी झटकली, फोटो काढला. गोळे आले. मग फडका ओला करून तिने खाट, फरशी, खिडकीची चौकट पुसली, धुपाटणं गॅलरीत नेऊन ठेवलं आणि पाटावर बसून राहिली, पेरलेलं तपासायला शेताच्या बांधावर बसायची तशी. अर्ध्या तासाने पुन्हा फोटो काढला. नुसती घोंगडी. असं तिने संध्याकाळपर्यंत तीनदा केलं. झटकून एक, पुसून एक.

शेवटी म्हणाली, "मग हे कुठं हायत?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण अडकलेले नाहीत. इथे अडकलेलं कुणी नाही, तू सोडून."

ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, मी तिच्याकडून आप्पांना दुसऱ्यांदा नेलं. आणि तरीही ती हॉस्पिटलला येईलच असं नव्हतं.

तिसरी तिथी गुरुवारी होती. गर्दी जमली, पडदे ओढले गेले.

"मथुराबाई, हाक मारा," महाराज म्हणाले.

"न्हाई झटकणार. घरात पुसून घेतलंय सकाळीच, धूपबी न्हाई लावला," आई म्हणाली. "चाळीस वर्षं तोंडानं हाक मारली, आजबी तोंडानंच मारते." आणि खाटेकडे बघून, सगळ्यांसमोर, ती म्हणाली, "अहो, ऐकलंत का."

महाराजांनी फोटो काढला. घोंगडी. आणखी एक. घोंगडी. चौथ्या फोटोला ते म्हणाले, "आज रुसलेत. मथुराबाई, एकदा झटकाच."

"हाकेला ओ देत न्हाईत अन् धूळ उडवली की येत्यात? ते काय धुळीचं व्हते?" आईने पदराआडून पिठाने माखलेली चाळणी काढली. "अस्मे, चाळ गं. महाराज, काढा फोटू."

"हा पवित्र विधी आहे, इथे स्वयंपाकघरातल्या वस्तू..."

"काढा की," जिन्यातून कुणीतरी म्हणालं. "चाळणीला काय भ्यायचं."

कॅमेरा दिग्विजयने त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः फोटो काढला. वायर टीव्हीला जोडलेलीच होती. पडदाभर गोळे. मग तो जाऊन एकेक पडदा सरकवू लागला. दुपारचा उजेड आत आला आणि आधी उन्हाची पट्टी, मग त्यात तरंगणारी धूळ सगळ्यांना दिसली. ज्या चुलतभावांनी नाक ओळखलं होतं ते त्या धुळीकडे पाहत म्हणाले, "म्हंजे आपण हिला नमस्कार करत व्हतो."

"आत्म्याच्या प्रकटीकरणाला अनेक माध्यमं असतात, पीठही..." महाराज वायर गुंडाळत बोलत होते. त्यांचं ऐकायला कुणी थांबलं नाही, कारण आई दाराकडे निघाली होती. तिने चपलांच्या ढिगातून स्वतःच्या चपला शोधल्या. तीन महिने वापरात नसल्याने त्या सगळ्यात खाली होत्या. मी रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलमध्ये तुकडा तपासायला गेला. गाठ कॅन्सरची निघाली. शस्त्रक्रिया झाली, आता औषधं चालू आहेत, आणि डॉक्टर आशा ठेवायला सांगतात. त्यांनी हेही सांगितलं की लगेच आलो असतो तर गाठ लहान असती आणि शस्त्रक्रियाही लहान झाली असती. पहिल्या दिवशी कागद वाचून त्यांनी आईला विचारलं होतं, "आजी, इतके दिवस कुठे होतात?"

"घरात," आई म्हणाली.

म्हणून हे लिहिलं. आपलं माणूस गेल्यावर त्याचं काहीतरी दिसावं असं वाटतं. मलाही वाटलं, आणि त्याची मला लाज नाही. पण फोटोत काही दिसलं तर फ्लॅश बंद करा, खिडकी उघडा, लेन्स पुसा, धूळ बसू द्या आणि दुसरा फोटो काढा. कुणी दुसरा फोटो काढू देत नसेल तर त्याचा पहिला मानू नका. आणि अंगाला गाठ लागली तर तिथी पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.