दोन पपया पडल्या

आमच्या पेपरचा संपादक क्लाइव याच्या मते वादळ कधी येत नाही. ते झोडपतं, बदडतं, तुटून पडतं, थैमान घालतं, झडप घालतं. 'येतं' हा शब्द त्याने मथळ्यातून हद्दपार केला त्याला बावीस वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं मथळे लिहायचं काम माझ्या गळ्यात आहे. माझ्या टेबलाच्या काचेखाली अशा शब्दांची यादी आहे. एका मोसमात एक शब्द दोनदा वापरायचा नाही, असा त्याचा नियम. आमचं कारोला म्हणजे उसाचं आणि मासेमारीचं गाव. डिसेंबर ते एप्रिल समुद्रात चार-पाच वादळं तरी उठतात आणि त्यातली बहुतेक किनाऱ्याला न लागताच विरतात. यादी मात्र दर वर्षी संपते.

माझ्या वडिलांनी हे सगळे मथळे जपून ठेवले होते. कौतुकाने नव्हे. परसातल्या जुन्या संडासाच्या भिंतीवर ते कात्रणं चिकटवायचे आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने खरं काय झालं ते लिहायचे. 'वादळाने किनारा झोडपला' : दोन पपया पडल्या. 'वाऱ्याचं थैमान' : शेजाऱ्याची चड्डी आमच्या कुंपणावर, परत दिली. 'सागराची झडप' : काही नाही, कोंबडी खुडूक बसली. घरी आलेला माणूस तिकडे गेला की हसतच बाहेर यायचा. मीही पूर्वी हसायची.

त्या मंगळवारी सकाळी सहाला वेधशाळेचा निरोप आला. वादळ उद्या सकाळी नऊला खाडीच्या तोंडाशी जमिनीवर येणार, नेमकं भरतीच्या वेळी. पाणी आजवरच्या सर्वात मोठ्या भरतीच्याही तीन मीटर वर चढणार. खाडीच्या तोंडाशी जेटी रोड आहे, आणि त्याच्या शेवटच्या घरात माझे वडील, ऑरेलिओ, वय एक्याऐंशी, एकटे राहतात. पोलीस दुपारी तीनला रस्ता बंद करणार होते.

खास आवृत्ती काढायची ठरली. मी क्लाइवला म्हटलं, "मथळा साधा देऊ. 'जेटी रोड तीनच्या आत सोडा.' खाली पाण्याचा आकडा."

"हा मथळा नाही, फ्रान्का. ही नोटीस झाली. नोटिसा पोलीस लावतात. मला काहीतरी तडाखेबंद दे."

"संपले सगळे शब्द."

"'उद्ध्वस्त' कुठे वापरलायस अजून?"

"तो झाल्यावर वापरायचा असतो, क्लाइव. आधी नाही."

"मग नवा शोध. पगार कशाचा घेतेस?"

शेवटी 'महाराक्षस चाल करून येतोय' असं छापून गेलं. खोटं कशाला बोलू, ते मीच लिहिलं. पाण्याचा आकडा आतल्या पानावर, छपरांच्या जाहिरातीशेजारी गेला.

अकराला मी वडिलांकडे पोचले, तर ते हातात कात्री घेऊन व्हरांड्यात बसलेले. समोर आमची खास आवृत्ती.

"ये," ते म्हणाले. "महाराक्षसाला विचार, कॉफी घेतो का."

"पापा, बॅग भर. तीनला रस्ता बंद होतोय."

"गेल्या फेब्रुवारीतही हेच म्हणाली होतीस. तीन रात्री शाळेच्या हॉलमध्ये काढल्या मी, घोरणाऱ्यांच्या गर्दीत. त्या मथळ्याखाली काय लिहिलंय, जाऊन वाच."

"पाठ आहे मला."

"एक पपई. तीही पिकलेली. तशीही पडलीच असती."

"या वेळी खरं आहे, पापा."

"असेल. कुठल्या शब्दावरून ओळखायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा राग आला, क्लाइवचा आला, आणि सगळ्यात जास्त काचेखालच्या त्या यादीचा, कारण ती माझ्याच अक्षरात आहे. मी ओरडले, हाता-पाया पडले, गेलेल्या आईलाही मध्ये आणलं. ते शांतपणे कात्रण कापत राहिले. एक वाजून गेला. ज्या बाईने बावीस वर्षं शब्दांवर पोट भरलं, तिच्याकडे स्वतःच्या बापाला उठवायला एक शब्द नव्हता.

मग मी बोलणंच सोडलं आणि शेडमधून लेव्हलची नळी काढली. उसाच्या शेतातले चर पापांनी जन्मभर याच नळीने काढले. लांबलचक पारदर्शक नळी, आत पाणी. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. जेटीच्या खांबावर ते मोठ्या भरतीच्या खाचा पाडून ठेवायचे. नळीचं एक टोक मी सर्वात वरच्या खाचेशी बांधलं आणि दुसरं ओढत घरापाशी आणलं. व्हरांड्याचा खांब जमिनीपासून छपरापर्यंत एकच लाकूड आहे. मी त्याच्या बुंध्याशी नळी धरून बसले.

"बुडबुडा आहे," वरून आवाज आला.

मी नळी तशीच धरून ठेवली.

"नळीत बुडबुडा आहे, बाई. पातळी खोटी लागणार. माझ्या घरात वाढलीस आणि एवढंही शिकली नाहीस?"

"मग तू धर."

चुकीचं काम डोळ्यांसमोर होताना बघणं त्यांना जन्मात जमलं नाही. पुटपुटत पायऱ्या उतरले, टिचक्या मारून बुडबुडे घालवले, पाणी ठरेपर्यंत थांबले आणि खांबाच्या बुंध्याशी कानावरच्या पेन्सिलीने खूण केली.

"किती चढणार म्हणतात?"

"तीन मीटर."

पुढे एक शब्दही मी जोडला नाही. दिवसभरातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

त्यांनी टेप लावली. मी खालचं टोक धरलं आणि ते वर व्हरांड्यात गेले. टेप व्हरांड्याची जमीन सोडून कठड्याच्याही वर गेली. तीन मीटरवर त्यांनी रेघ मारली आणि सरळ उभे राहिले. रेघ बरोबर त्यांच्या नाकासमोर होती.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. आत कॉफी उतू जाऊन शेगडीवर सांडल्याचा वास आला, तरी ते हलले नाहीत.

"कोंबड्या कशात न्यायच्या?" त्यांनी विचारलं.

बुधवारी दुपारी वारा पडल्यावर एका पोलिसाने आम्हाला जेटी रोडच्या टोकापर्यंत नेलं. व्हरांड्याचा खांब उभा होता. त्यावर चिखलाची ओल त्या रेघेच्या चार बोटं खाली थांबली होती. छप्पर आणि दोन भिंती नव्हत्या. परसातला संडास सगळ्या मथळ्यांसकट खाडीत गेला होता. पापा फक्त खांबाकडे बघत राहिले. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"जेटी रोडचं काय झालं?" क्लाइव म्हणाला. "एक शब्द दे."

"उद्ध्वस्त," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये, जिथे आम्ही मुक्कामाला होतो, पेपर आले. पापांनी पहिलं पान मांडीवर पसरलं. 'जेटी रोड उद्ध्वस्त', माझाच मथळा. चिकटवायला भिंत उरली नव्हती, तरी सवयीने त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. बराच वेळ विचार केला आणि खाली एकच शब्द लिहिला : बरोबर.

बावीस वर्षांत त्यांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी. मी बाहेर कोंबड्यांच्या खोक्यांपाशी जाऊन पोटभर रडले. त्या मथळ्याखाली मला दोन पपया हव्या होत्या.