विहिरीचं वॉटरप्रूफिंग

देवेश नारिंग्रेकरला महापालिकेचं तिकीट हवं होतं आणि लोकांना आवडावं असं त्याच्यात काही नव्हतं. त्याने काही अडत नाही, असं गार्गीने त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं. प्रतिमा सांभाळायला त्याने तिला नेमलं होतं. त्याचा मूळ धंदा सोसायट्यांच्या गच्च्यांना वॉटरप्रूफिंग करण्याचा.

गार्गीने आधी त्याचा गॉगल काढायला लावला, मग हातातलं सोन्याचं कडं. म्हाताऱ्या माणसांशी उकिडवं बसून बोलायला शिकवलं. वर्सोव्यात त्याने जाळं ओढलं. आरेतल्या पाड्यावर भाकरी खाल्ली, म्हणजे फोटो निघेपर्यंत चावली. आता पक्षाचे चंद्रप्रकाशसाहेब स्वतः येऊन बघणार होते, लोक खरंच याच्या मागे आहेत का. त्यावर तिकीट ठरणार होतं.

त्यासाठी गार्गीने अंधेरी पूर्वेचं गावठाण निवडलं. तिथल्या इनेझच्या मुलीचं, व्हॅलेन्सियाचं लग्न होतं. मुंबईच्या मूळ रहिवासी ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका लुगडी नेसून, बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. गावठाणातली विहीर मात्र बरीच वर्षं लोखंडी जाळीखाली बंद होती. लोक नळाखाली घागर धरून रीत उरकत.

देवेश इनेझसमोर उकिडवा बसला.

"आंटी, व्हॅलेन्सियाचं पाणी आपल्या विहिरीचंच. जाळी मी काढून देतो."

"खरंच देशील? माझ्या आईने माझं तिथूनच आणलेलं रे." इनेझचे डोळे भरले. गार्गीने ते मोबाइलवर टिपलं.

जाळी निघाली. आत पाणी होतं, स्वच्छ आणि भरपूर; पण दगडांना शेवाळ असल्यामुळे मोबाइलवर ते काळं दिसत होतं.

"गटार वाटतंय यार," गार्गी म्हणाली.

देवेशने पंप लावून विहीर उपसली. मग जन्मभर जे केलं तेच केलं. आतून सिमेंटचा गिलावा, त्यावर वॉटरप्रूफिंगचे थर, वरून आकाशी रंग. कठड्यावर स्वतःचं नाव. काम पक्कं झालं. इतकं पक्कं, की एकही झरा आत येऊ शकला नाही. दगडांच्या फटींतून विहिरीला पाणी येतं हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पाणी आत येणं याला त्याच्या धंद्यात तक्रार म्हणतात.

विधीच्या दिवशी त्याने टँकर ओतला.

वरात आली. लाल चौकड्यांची लुगडी, डोक्यांवर सजवलेल्या घागरी, पुढे बँड. इनेझने कठड्यावरून वाकून पाहिलं. बँड थांबला.

"हे काय केलंस?"

"रिनोव्हेशन, आंटी. झकास झालंय ना?"

"झरे कुठेत?"

"लीकेज होतं ते. सगळं बंद केलं."

मागे कुणी तरी खिदळलं. इनेझ हसली नाही. "आणि हे पानी?"

"टँकरचं. फिल्टर आहे."

"टँकरच्या पान्यासाठी मी बँड लावून आले? ते तर आमच्या बाथरूममध्ये पन येतं."

"आंटी, प्लीज. साहेब पोचतायत. एक घागर भरा फक्त, मग कुठे पण जा."

"पोरीच्या डोक्यावर तुझं लीकेजचं काम ओतू?" ती बँडवाल्यांकडे वळली. "चला रे. माझ्या बहिणीच्या आवारात विहीर हाय. तिला अजून कुणी रंग नाय लावला."

बँड वाजत निघून गेला. देवेश गार्गीकडे वळला. "वाट लागली. आता लोक कुठून आणू?"

"जिथून नेहमी आणतो तिथूनच," गार्गी म्हणाली आणि फोन लावला.

चंद्रप्रकाशसाहेब आले तेव्हा ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेली लुगडी नेसलेल्या बायका विहिरीभोवती नाचत होत्या. पुढे शकु होती. साहेब तिच्याकडे बघत राहिले.

"शकु ना गं तू? वर्सोव्याच्या फोटोत कोळीण होतीस."

"हो साहेब. आज ख्रिश्चन."

"आणि इथले खरे लोक?"

गार्गीने शांतपणे सांगितलं, "रुसून गेले, साहेब."

साहेबांनी विहिरीत डोकावून पाहिलं. निळ्या पाण्यात त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तो त्यांना आवडला असावा.

"लोक निघून गेले तरी कार्यक्रम थांबवला नाहीस," ते देवेशला म्हणाले. "काहींचे हातपाय गळतात अशा वेळी. तिकीट तुझं."

देवेशचे डोळे भरून आले. तो साहेबांच्या पायांवर वाकला.

"थांबा, थांबा," गार्गी म्हणाली. "शकु फ्रेममध्ये आली. साहेब, परत एकदा?"

साहेब पुन्हा कठड्याजवळ जाऊन उभे राहिले आणि त्यांनी देवेशला पुन्हा तिकीट दिलं. या वेळी त्याचे डोळे जास्त चांगले भरून आले.