पात्याचा ठोका

...आणि ती पाचर, तळहातात मावणारी, एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेली. पाचरीभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळताना तिला वाटलं, एवढ्याशा लाकडाने काय होणार. टक्. होडीच्या पोटातून पाण्यात उतरणारं, बिजागरीवर झुलणारं ते लोखंडी पातं, वाऱ्यात शिडाला तोलून धरणारं, नांगर टाकल्यावर मात्र आपल्या अरुंद पेटीत या कडेवरून त्या कडेवर आपटत होतं. टक्... टक्. सकाळपासून. दाताखाली खडा यावा तसं.

समोरच्या फळीवर वडील आडवे, टोपी डोळ्यांवर, निवांत झोपलेले. त्यांना हे ऐकू येत नव्हतं, आणि त्यासाठीच तर ती आली होती. "होडी विकून टाका म्हणावं," दादा फोनवर म्हणाला होता, "एकटे जातात, मागून लाँच आली तर कळायचं कसं? तूच सांग. तुझं ऐकतात." ऐकतात! तिला हसू आलं होतं... कारण दवाखान्यातल्या त्या फोमने मढवलेल्या खोलीत, जिथे ती दिवसभर माणसांचे कान तपासते, काचेपलीकडे गेल्या आठवड्यात वडील बसले होते — हातात आवाज आला की दाबायचं बटण, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा — आणि ती आवाज वाढवत गेली होती, वाढवतच गेली होती, आणि बटण दाबलं गेलं नव्हतं. ती काचेतून त्यांच्या अंगठ्याकडे पाहत राहिली होती. किती तयारीत होता तो अंगठा...

आधी हे पातं गप्प करू. मग चहा. मग सांगू.

ती वाकली. फटीत पाचर बसवून तिने मुठीने ठोकली. पातं एकदा कुरकुरलं, रबरात रुतलं, आणि थांबलं. आणि त्या थांबण्याखालून हळूहळू पाणी वर आलं : पातळ फळ्यांपलीकडून सरकणारं, अखंड, आपल्याला उचलून धरल्याचा जराही गाजावाजा न करणारं. हे इतका वेळ इथेच होतं?

वडील दचकून उठून बसले. टोपी खाली पडली.

"काय झालं? होडी गप्प का झाली?"

ती त्यांच्याकडे वळली. मग त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून तोंड मोठं करून म्हणाली, "पाचर ठोकली, बाबा! डोकं उठवलं होतं हिने!"

"ओरडू नकोस गं, मासे घाबरतील." त्यांचं अनवाणी पाऊल फळी चाचपत होतं, अंधारात भिंत चाचपावी तसं. "भरती फिरली की हिचा ठोका बदलतो. त्याच भरवशावर झोपतो मी."

"पण तुम्हाला..."

"चपला काढ."

त्यांनी पाचर उपसली. ती अनवाणी उभी राहिली. आधी काहीच नाही. मग ठोका आला, कानात नव्हे, टाचेत. नडगीतून, गुडघ्यातून, मणक्याच्या एकेका मण्यावरून चढत दातांपर्यंत. आपल्या खोलीत आपण इतकी वर्षं काय मोजत होतो, आणि काय मोजायचं राहून गेलं... मागून येणारी लाँच तळपायाला कळणार नव्हती. दादाचं चुकत नव्हतं. बरोबर आणलेलं वाक्य अजून जिभेवर होतं, पण आता ते कुठल्या बाजूने उचलावं ते कळेना.

"आता बघ," वडील म्हणाले, "लांबतोय."

खरंच लांबत होता. दोन ठोक्यांमध्ये आता एवढी जागा होती की तिच्यात अख्खी खाडी वळून घेत असावी. तिने डोळे मिटले. पुढच्या ठोक्याची वाट पाहत, श्वास रोखून. आणि तिचा अंगठा, तिच्या नकळत, बटणावर असावा तसा तयारीत.